मंगळवारी कुणी आजारी पडत नाही

पावसापासून वाचायचं तर माणसानं छपराखाली उभं राहावं, हे शहाणपण तिला होतं. फक्त ते छप्पर कशाचं आहे, हे तिनं पाहिलं नाही.

बसडेपोतला तिचा तो पहिलाच दिवस. खांद्याला लॅपटॉपची बॅग, गळ्यात स्टॉपवॉच आणि डोक्यात नेहमीच्या शंका. फाटकातून आत आली नि पावसानं गाठलंच. समोर एक उंच छप्पर दिसलं, ती धावत जाऊन त्याखाली उभी राहिली आणि हुश्श केलं. आजूबाजूला हे माणसाहून उंच निळे ब्रश कशाला लावलेत बरं... असं तिच्या मनात यायला आणि समोरून एक बस आत शिरायला एकच गाठ पडली. ब्रश गरगर फिरायला लागले. चारी बाजूंनी फवारे सुटले. बस धुवायच्या जागी उभी होती बाई!

"अहो! इकडे! इकडे या आधी!"

कुणीतरी मनगट धरून तिला बाहेर ओढलं. बाहेर म्हणजे पुन्हा पावसात. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं, पण पाण्याचं. समोर खाकी गणवेशातला एक उंच तरुण उभा होता, तोही नखशिखान्त भिजलेला, आणि हसू दाबायचा प्रयत्न करत होता. प्रयत्न काही फारसा जमत नव्हता.

"छत्री नाही आणलीत?"

"आणलीय की. दोन आणल्यात."

"दोन? मग उघडली का नाही?"

"बॅगेच्या तळाशी आहेत. बॅग उघडली असती तर लॅपटॉप भिजला असता ना."

"बरं... पण दोन कशाला?"

"एक मोडली तर?"

आता मात्र त्याचं हसू सुटलंच. तिला राग यायला हवा होता. पण मनगटावर त्याच्या बोटांची ऊब अजून होती, आणि त्यामुळे राग कुठे ठेवला होता तेच तिला आठवेना.

व्हरांड्यात आल्यावर तिनं आपलं काम सांगितलं. विद्यापीठात पीएच.डी. करते. विषय — बसगाड्यांचं आणि माणसांचं नियोजन. कुठल्या चालकाला कधी, कुठल्या गाडीवर पाठवायचं. आयत्या वेळी कुणी आलं नाही तर राखीव माणसं किती हवीत. थोडक्यात, कमीत कमी माणसांत सगळ्या गाड्या वेळेवर कशा सुटतील, हे तिचा प्रोग्राम शोधणार होता.

"म्हणजे राखीव कमी करायचे."

"जरुरीपेक्षा जास्त असतील तर."

"आणि ते ठरवणार तुम्ही. दोन छत्र्यांवाल्या."

ती ओशाळली. विषय बदलायला तिनं विचारलं, "तुम्ही कुठल्या मार्गावर असता?"

"मी कुठल्याच नाही." त्यानं केसांतलं पाणी झटकलं. "मी या डेपोची दुसरी छत्री."

तो राखीव चालक होता. गणवेश चढवून वेळेवर यायचं, विश्रांतीच्या खोलीत बाकावर बसायचं, आणि कुणी आलं नाही की त्याची गाडी घेऊन निघायचं. डेपोत सगळे त्याला स्टेपनी म्हणत. आई-वडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं.

जाताना एक छत्री त्याच्याकडे राहिली. "पहिली मोडली की कळवा," तो म्हणाला, "लगेच हजर करतो."

तिचाही नामकरण विधी आठवड्यात उरकला. गळ्यात सदा स्टॉपवॉच, म्हणून घड्याळबाई. नाव ठेवलं मावशींनी. मावशी म्हणजे डेपोच्या ड्युटी कंट्रोलर. सकाळी हजेरी घेणं, गाड्या वाटणं, कुणी आलं नाही तर बाकावरचा माणूस उठवणं, हे सगळं त्यांच्या हाती. केस पांढरे, आवाज खणखणीत. रुसलेल्या माणसाची समजूत आणि नादुरुस्त गाडीची बदली त्या एकाच दमात करत. त्या कुणाच्या सख्ख्या मावशी होत्या देव जाणे, पण झाडून सगळा डेपो त्यांना मावशीच म्हणे.

तिच्या सरांनी आधीच बजावलं होतं, "डेपोच्या कागदांवर विसंबू नकोस. आयत्या वेळी कोण आलं नाही नि कोण धावलं, हे कागदावर अर्धंच येतं. स्वतः तिथं बस आणि मोज." विद्यापीठात तिला इतर दिवशी मुलांचे तास असायचे, म्हणून डेपोचे वार ठरले मंगळवार आणि शुक्रवार. ती यायची, विश्रांतीच्या खोलीत कोपऱ्यातलं टेबल धरायची आणि मोजत बसायची. किती जण आले, किती नाही, राखीवांपैकी कोण उठून गेलं.

आणि बाकाच्या शेवटच्या टोकाला, तिच्या टेबलाला लागून, स्टेपनी. तो नोकरीत सगळ्यांत नवा, म्हणून बोलावण्यात त्याचा नंबर शेवटचा.

"एक विचारू?" तो एकदा म्हणाला.

"विचारा."

"मी इथं बसलोय, ते तुम्ही लिहिता?"

"हो. 'राखीव, रिकामा.'"

"रिकामा? अहो, मी कामात आहे."

"कसल्या कामात?"

"तुमच्याशी बोलतोय."

"ते कामात धरत नाहीत."

"मग कशात धरतात?"

तिच्या हातून पेन खाली पडलं. दोघंही उचलायला एकदमच वाकले, आणि पलीकडे पत्ते खेळणारे दोन चालक उगाचच खोकले.

सांगायला हवं, की ही मुलगी जन्माची काळजीखोर होती. काळजीचं बाळकडूच मिळालेलं. तिची आई घरातून निघाल्यावर जिन्यावरून परत फिरून गॅस बघायची. ही गॅस बघून यायची आणि मग कुलूप बघायला फिरायची. बॅगेत जादा पेन, जादा चार्जर, डोकेदुखीच्या गोळ्यांचं जादा पाकीट. आणि हा पठ्ठ्या! वाट बघणं हाच त्याचा धंदा.

"कंटाळा नाही येत? धास्ती नाही वाटत, आता बोलावतील, मग बोलावतील...?"

"वाट बघायची, पण वाटेला डोळे लावायचे नाहीत. बोलावलं की जायचं. तोवर चहा प्यायचा."

तिनं हे घरी करून पाहिलं. आई भाजी आणायला गेली होती आणि तिला उशीर झाला होता. हिनं चहा केला, वाटेकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि चहा गार होईस्तोवर खिडकीत उभी राहिली. शुक्रवारी त्याला हे सांगितलं तर तो इतका हसला की मावशी काउंटरच्या खिडकीतून डोकावल्या. डोकावल्या, दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, नि खिडकी लावून घेतली.

असे चार महिने गेले. तो बाकावर, ती टेबलावर. नवल म्हणजे त्याला कधी उठावंच लागत नसे. तिनं मनोमन देवाचे आभार मानले आणि निमूटपणे पुढे लिहिलं — राखीव, रिकामा.

चार महिन्यांनी प्रोग्राम चालवला, उत्तर आलं, आणि सर खुर्चीतून उठलेच.

"अर्धे! अगं, या डेपोत राखीव चालक अर्ध्यानं कमी केले तरी एकही गाडी चुकत नाही! आकडे कसे लख्ख बोलतायत बघ." बस चालवणाऱ्या कंपनीला अहवाल हवाच होता. बैठकही ठरली, डेपोतल्याच प्रशिक्षणाच्या खोलीत, कामगारांसमोर. लपवाछपवी नको, असं सरांचं मत.

ती खूश व्हायला हवी होती. झालीही, जिना उतरेपर्यंत. शेवटच्या पायरीवर काळजात धस्स झालं. अर्धे म्हणजे कोण?

दुसऱ्या दिवशी तिनं मावशींना फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कमी करायचे झाले तर? नवे आधी जाणार, दुसरं काय," मावशी म्हणाल्या. "काढत नाहीत गं, पाठवतात. परगावी नवा डेपो झालाय, रात्रभराच्या प्रवासावर. पहिला आपला स्टेपनीच जाईल. का गं?"

"काही नाही, सहजच."

सहज! तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चार महिने ज्याच्याशी बोलायला मिळावं म्हणून ती सकाळी आरशासमोर दोनदा केस विंचरत होती, त्याला तिच्याच हातानं, तिच्याच आकड्यांनी परगावी धाडायचं. इकडे आड, तिकडे विहीर. आकडा बदलला तर संशोधनाशी बेइमानी. नाही बदलला तर... नाही बदलला तर मंगळवार येईल, बाक असेल, आणि बाकाचं ते टोक मोकळं असेल.

तिला जेवण जाईना. आई म्हणाली, "पोट बिघडलंय?" ती हो म्हणाली. आईनं मऊ भात केला आणि समोर बसून राहिली. "पोटाचं नाही दिसत हे," ती शेवटी म्हणाली, "पण सांगशील तेव्हा सांग." आणि गॅस बघायला उठली.

पुढचे दोन मंगळवार, दोन शुक्रवार ती त्याच्याशी धड बोललीच नाही. तो काही विचारायचा, ती हो-नाही करायची आणि डोळे वहीत घालायची. चोराच्या मनात चांदणं! शेवटी बैठकीच्या आधीच्या शुक्रवारी त्यानंच विचारलं.

"घड्याळबाई, माझं काही चुकलं का?"

"नाही हो."

"मग चार दिवस असं अनोळख्यासारखं..."

आणि तिनं एका दमात सांगून टाकलं. अर्धे. नवे आधी. परगाव. सांगताना हात उगाचच स्टॉपवॉच चालू-बंद करत होता.

तो हसला नाही. पहिल्यांदाच तो हसला नाही.

"खरं असेल ते लिहा," तो म्हणाला. "माझ्यापायी एक आकडासुद्धा हलवू नका."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. सांगायचंय एक. पण आत्ता नाही... तुमचा अहवाल गेल्यावर सांगेन."

"आत्ता का नाही?"

"आत्ता सांगितलं तर नोकरीसाठी सांगितल्यासारखं होईल."

एवढं बोलून तो उठला आणि चहा आणायला गेला. आणलाही एकच कप, तिच्यासाठी. स्वतः व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. तिनं त्याचा सरळ अर्थ काढला, की हा रागावला. काळजी करणाऱ्या माणसाला तोच अर्थ आधी सुचतो.

शनिवार, रविवार, सोमवार कसे गेले ते तिचं तिला माहीत. मंगळवारी सरांनी बैठकीच्या तयारीत अडकवून ठेवलं, डेपोत जाता आलं नाही. बैठक गुरुवारी होती. बुधवारी मात्र तिला राहवेना. मुलांचा तास दुसऱ्याच्या गळ्यात घातला आणि ती न कळवता, वार नसताना डेपोत थडकली. रागावू नका एवढंच म्हणायचं होतं. त्यासाठी तिनं वाक्य घोकून ठेवलं होतं.

फाटकातून आत आली आणि जागीच थबकली. डेपो चुकला की काय?

अंगणात गाड्या खोळंबलेल्या. काउंटरसमोर ही गर्दी. मावशी एका कानाला फोन आणि दुसऱ्या हातानं माणसं हाकलतायत. "तू नऊ नंबर घे! अरे, तू आत्ताच दाढ काढून आलास ना, मग घरी जा, तोंड बघ आरशात! कोण? मेहुण्याचा साखरपुडा? घाल गोंधळ!" ती कशीबशी वाट काढत विश्रांतीच्या खोलीत गेली. बाक रिकामा. अख्खाच्या अख्खा. पत्त्यांचा अर्धवट डाव तसाच पडलेला. एकही राखीव माणूस जागेवर नाही.

गर्दी ओसरल्यावर मावशी आत आल्या, तिला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला.

"तू? आज? आज तर बुधवार!"

"मावशी, हे काय चाललंय? सगळे राखीव कुठे गेले?"

"गाड्यांवर, आणखी कुठे. स्टेपनीसुद्धा सकाळीच गेला."

"पण असं कधी होत नाही! मी चार महिने बघतेय, तो कधी उठतच नाही —"

मावशी बाकावर टेकल्या. पदरानं कपाळ पुसलं. "मंगळवारी-शुक्रवारी नाही उठत," त्या म्हणाल्या. "उठू देत नाही आम्ही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? अगं, तू कुठल्या जगात असतेस? पहिल्याच आठवड्यात पोरगं माझ्याकडे आलं, मान खाली घालून. म्हणालं, मावशी, मंगळवार-शुक्रवार मला बाहेर नका पाठवू, कोपऱ्यात बसू द्या. का, ते सांगायला लागतं का? मी सगळ्यांना दम भरला, त्या दोन दिवशी कुणी दांडी मारायची नाही, उशीर करायचा नाही. आणि ऐकलं बरं का सगळ्यांनी! एकानं दाढ काढायची बुधवारवर ढकलली. एकाची बायको माहेरहून यायची होती, तिला आणायला तो बुधवारी गेला. ताप असला तर मी गाडी देतच नाही, पण बारीकसारीक दुखणी लोकांनी दाबून धरली." मावशींना हसू आवरेना. "मंगळवारी कुणी आजारी पडत नाही या डेपोत. सगळे बुधवारी पडतात!"

तिला एकदम हसू आलं आणि रडूही आलं. त्याला मी आवडते. अख्ख्या डेपोला ठाऊक आहे, फक्त मलाच नाही! आणि पाठोपाठ, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर झालं होतं तसंच, धस्स.

चार महिन्यांचे आकडे! ते सगळेच्या सगळे मंगळवारचे आणि शुक्रवारचे होते.

"मावशी, मी याच दिवसांवरून लिहिलंय, की राखीव लागतच नाहीत."

मावशींचं हसू मावळलं. त्यांना आत्ता कुठे कळत होतं, की पोराला बाकावर बसवायला म्हणून जे केलं, त्यानंच त्याचा बाक जायची वेळ आली होती.

"आणि तो? त्याला हे कळलं होतं?"

"शुक्रवारीच कळलं असणार," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "मला म्हणाला, मावशी, तिला काही सांगू नका. तेव्हा मला काही अर्थच लागला नाही. म्हणे, नोकरी वाचवायला प्रेमाचं नाव पुढे केलं, असं नको व्हायला."

ती तशीच उठली आणि सरांकडे गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे चार महिने पाण्यात. सगळं मुसळ केरात."

"हो सर."

"वार ठरवून, सगळ्यांना सांगून मोजायला बसलीस. आणि मी त्यावर सही केली! दोघांच्याही डोळ्यांवर झापडं होती." त्यांनी अहवाल पुढ्यात ओढला. "उद्याची बैठक आता पुढे ढकलता येणार नाही. चूक झाली एवढं सांगशील, की का झाली तेही?"

"कारण नाही सांगितलं तर कंपनी म्हणेल, आकडे तर चांगले आहेत, चालवून घेऊ."

"म्हणेल खरं."

"मग सांगावं लागेल." हे बोलली खरी. माणसाला लग्नाच्या मांडवात जे चारचौघांत सांगायला लाज वाटते, ते हिला कंपनीच्या अधिकाऱ्यांसमोर, पडद्यावर आलेख दाखवत सांगायचं होतं.

गुरुवारी प्रशिक्षणाची खोली गच्च भरली होती. पुढे कंपनीचे अधिकारी, सर, मागे खाकी गणवेशांच्या रांगा. मावशी खिडकीपाशी. आणि अगदी शेवटी, दाराला टेकून, तो. हातात तिची छत्री. परत द्यायला आणलीय, तिला वाटलं. संपलं.

ती पाणी प्यायली, खाकरली, पुन्हा पाणी प्यायली.

"हा अहवाल चुकीचा आहे," ती म्हणाली. "कृपा करून यावर निर्णय घेऊ नका."

खोलीत कुजबुज झाली. कंपनीचे मोठे साहेब पुढे झुकले. "चुकीचा म्हणजे? हिशेबात चूक?"

"हिशेब बरोबर आहे. पण मी ज्या दिवशी इथं यायचे, त्या दिवशी लोक मुद्दाम वेळेवर यायचे. मी नसले की नाही. मी मोजत होते ते डेपोचं काम नव्हतंच... माझ्या असण्यानं ते बदललं होतं."

"तुम्हाला घाबरून?"

"नाही." तिनं टेबलाची कड घट्ट धरली. "एका राखीव चालकाला माझ्याशी बोलत बसता यावं म्हणून. सगळ्यांनी मिळून."

आधी एक खोकला ऐकू आला, मग दुसरा. मग मागच्या रांगांत हास्याची अशी लाट उठली की मावशींना हात वर करावा लागला. साहेबांना हसावं की रागवावं ते कळेना. विद्यापीठाच्या एक ज्येष्ठ बाई बसल्या होत्या, त्यांनी मात्र शांतपणे विचारलं, "म्हणजे त्यांच्या बाजूनं निरीक्षण बिघडलं. तुमच्या बाजूनं काय? तुम्ही तरी तटस्थ होता ना?"

छपरावर पाऊस वाजत होता. तिनं वर पाहिलं. दारात तो ताठ उभा राहिला होता, छत्री दोन्ही हातांत धरून, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर ती स्वतःची रोजची काळजी पाहत होती.

"नाही, बाई," ती म्हणाली. "बिघाड... दोन्ही बाजूंनी आहे."

तो एक पाऊल पुढे आला. तोंड उघडलं —

"स्टेपनी!" खालून अंगणातून कुणीतरी ओरडलं. "स्टेपनी, गाडी लाव! सहा नंबरवाला आला नाही!"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग मावशींकडे पाहिलं. मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ड्युटी म्हणजे ड्युटी. त्यांनी मानेनंच जा म्हटलं. तो वळला आणि जिना उतरून धावत गेला. खाकी रांगा पुन्हा हसल्या. साहेबही हसले. "राखीव लागतात की नाही, ते कळलं म्हणायचं," ते म्हणाले. निर्णय थांबला. तीन महिने नव्यानं मोजणी, तीही दुसऱ्या कुणी करायची, वार न ठरवता. आणि तिनं तोवर डेपोत पाऊल टाकायचं नाही.

(पुढे ती मोजणी झाली आणि डेपोचा एकही राखीव माणूस हलला नाही. पण हे तिला त्या दिवशी कुठं ठाऊक होतं?)

ती फाटकाबाहेर आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपली छत्री वर खोलीतच राहिली. आता आत जायची बंदी. दुसरी त्याच्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा ती बिनछत्रीची पावसात उभी होती, आणि डोक्यात एकच घोळ... तो काय म्हणणार होता? तोंड उघडलं होतं त्यानं. चारचौघांत अब्रू काढलीत, असं तर नव्हतं म्हणायचं?

फाटकातून बस वळून थांब्यावर आली. सहा नंबर. दार उघडलं. चालकाच्या जागेवर तो.

ती चढली. आत सात-आठ उतारू. ती त्याच्या मागच्या पहिल्या आसनावर बसली आणि बोलायला पुढे झुकली. त्यानं काहीही न बोलता वर बोट दाखवलं. तिथं पाटी होती — 'गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.'

बाप रे! तो प्रवास! प्रत्येक थांब्यावर कुणी चढलं, कुणी उतरलं. एका आजीबाईंनी सुट्ट्या पैशांसाठी आख्खी पिशवी उपसली. प्रत्येक सिग्नल लाल. ती समोरच्या आरशात बघायची, आरशात त्याचे डोळे क्षणभर तिच्याकडे यायचे आणि पुन्हा रस्त्यावर जायचे. त्या डोळ्यांत राग आहे की नाही, हे तिला काही केल्या ठरवता येईना. तिचा अंगठा आपसूक स्टॉपवॉचवर गेला होता.

शेवटचा थांबा आला. उतारू उतरले, कंडक्टर चहाला गेला. त्यानं इंजिन बंद केलं, दिवे तसेच ठेवले, आणि आसनावरून मागे वळला. पावसाचा आवाज एकदम मोठा झाला.

"आता बोला," तो म्हणाला.

"तुम्ही बोला. तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं. अहवाल गेल्यावर. अहवाल तर... गेलाच."

"मला सांगायचं होतं ते तुम्ही आधीच सांगून टाकलंत. आलेखासकट." त्यानं स्टिअरिंगवरचा हात काढला. "मला इतकं सुंदर जमलं नसतं. मला नुसतंच सांगता आलं असतं... की तू आवडतेस. फार आवडतेस. त्या ब्रशांतून ओढून काढलं ना, तेव्हापासून."

'तू' ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग अर्थातच तिला काळजी वाटली.

"पण मोजणीत पुन्हा तेच उत्तर आलं तर? तुला पाठवलं तर तिकडे?"

"तर जाईन."

"रात्रभराचा प्रवास आहे!"

"तर येईन. रोज नाही जमणार." त्यानं हात पुढे करून तिच्या गळ्यातलं स्टॉपवॉच हळूच काढून घेतलं आणि खिशात टाकलं. "मंगळवारी आणि शुक्रवारी येईन."

"आणि आजारी पडलास तर?"

तो हसला. पहिल्या दिवशी हसला होता अगदी तसाच. त्यानं आसनामागून तिची छत्री काढली, बसच्या दारात उघडली आणि तिच्यासाठी दुसरा हात पुढे केला.

"मंगळवारी," तो म्हणाला, "कुणी आजारी पडत नाही."